शिक्षण, पद आणि आयुष्याची दोरी

सायंतारा

माणूस आजारी का पडतो असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. तोंडावर ताबा नाही, व्यायाम नाही, व्यसन आहे, घराण्यातच आहे. यातलं काहीच खोटं नाही. पण तो माणूस शिकला किती, काम काय करतो आणि त्या कामाच्या जागी त्याच्या शब्दाला किती किंमत आहे, हे विचारायचं बहुतेक वेळा राहूनच जातं. बरीच वर्षं या विषयावर मिळेल ते वाचते आहे. या प्रश्नांना बाजूला ठेवून आरोग्याबद्दल बोलणं म्हणजे अर्धवट बोलणं, असं माझं ठाम मत झालं आहे. म्हणून हा धागा.

सुरुवात व्हाइटहॉल अभ्यासापासून करते. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांची १९६७ पासून तपासणी सुरू झाली आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला गेला. यात कोणी बेकार नव्हतं. सगळ्यांची नोकरी कायमची, पगार दरमहा, उपचार सरकारी खर्चाने. तरीही अगदी खालच्या श्रेणीतल्या लोकांचं, म्हणजे निरोप पोचवणारे, दारावर बसणारे यांचं, हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघालं.

गरिबी वाईट हे सगळ्यांना माहीतच असतं, त्यामुळे एवढ्यावर कोणी म्हणेल की यात नवीन काय. मला अस्वस्थ केलं ते मधल्या पायऱ्यांनी. वरून दुसऱ्या पायरीवरचे लोक घ्या. उत्तम शिकलेले, चांगल्या पगाराचे, स्वतःचं घर असलेले. तेही पहिल्या पायरीवरच्यांपेक्षा जास्त प्रमाणात दगावत होते. तिसऱ्या पायरीवरचे दुसरीपेक्षा जास्त. म्हणजे एक रेघ ओढून 'या रेघेखालचे आजारी, वरचे धडधाकट' असं म्हणता येत नाही. पूर्ण उतरंडच आहे, आणि आपण प्रत्येकजण तिच्यात कुठे ना कुठे आहोत.

मग सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब केला गेला. खालच्या श्रेणीत सिगारेट ओढणारे जास्त होते हे खरंच. पण हे सगळं वजा करूनही फरकाच्या जेमतेम एक तृतीयांश भागाचा उलगडा झाला. उरलेलं कुठून आलं?

साथरोगतज्ज्ञ मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दुसरा अभ्यास सुरू केला. या वेळी १०,३०८ कर्मचारी, आणि स्त्रियाही. त्यांना कामाबद्दल खूप बारकाईने विचारलं गेलं. काम कोणत्या क्रमाने करायचं हे तुम्ही ठरवता का? विश्रांती कधी घ्यायची, हे कोण ठरवतं? नवीन काही शिकायला मिळतं का? १९९७ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा, की वरच्या आणि खालच्या श्रेणींमधल्या हृदयविकाराच्या फरकात सर्वात मोठा वाटा 'आपल्या कामावर आपला ताबा नसणे' या गोष्टीचा होता.

'मोठ्या पदाबरोबर मोठं टेन्शन, म्हणून साहेबलोकांनाच हार्ट अटॅक येतात' ही समजूत अजून जिवंत आहे. अमेरिकन संशोधक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्येच याचं कोडं बरंचसं सोडवलं होतं. कामाचा रेटा एकटा तेवढा घातक नसतो. रेटा भरपूर आणि निर्णयाचा अधिकार शून्य, ही जोडी घातक. मोठ्या साहेबाला रेटा असतो, पण बैठक पुढे ढकलणं त्याच्या हातात असतं. धावत्या पट्ट्यासमोर उभ्या असलेल्या बाईच्या हातात पट्टा थांबवणंही नसतं.

शिक्षण इथे कसं येतं? या उतरंडीत आपण कुठल्या पायरीवर उभे राहणार, हे ठरवणारी पहिली मोठी गोष्ट शिक्षण असते. वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी शाळा सुटली की चाळिसाव्या वर्षी कुठलं काम, कसल्या वेळा, किती अधिकार, याचा बराचसा निकाल लागून गेलेला असतो. चाळिशीनंतर बीपी निघतं तेव्हा मात्र आपण त्याला रोज फिरायला जायचा सल्ला देतो.

तुमचे अनुभव आणि विरोधी मतंही वाचायला आवडतील. दोन्ही हवं आहे.

रानवाट

फार महत्त्वाचा धागा. वाचतोय. मधल्या पायऱ्यांचा मुद्दा नव्याने कळला.

आकडेमोड

सायंतारा, मांडणी आवडली, पण कार्यकारणभावावर थोडं थांबायला हवं.

कमी शिकलेले लोक जास्त आजारी असतात, हा आकडा पक्का आहे. पण त्याचे तीन अर्थ निघू शकतात. एक, कमी शिक्षणामुळे आजार. दोन, लहानपणच्या आजारपणामुळे शाळा सुटली आणि मोठेपणीही तब्येत तोळामासाच राहिली. तीन, दोन्हींच्या मागे तिसरंच काही, उदाहरणार्थ आईवडिलांची परिस्थिती. नोकरीतही तसंच. आजारी माणसाला बढती मिळत नाही, अनेकदा नोकरीच सोडावी लागते. त्यामुळे नुसते नोकरदार मोजले तर आकडे आहेत त्यापेक्षा बरे दिसतात, कारण सगळ्यात आजारी माणसं आधीच घरी बसलेली असतात.

हे वेगळं काढायचा एक चांगला मार्ग म्हणजे कायद्यातले बदल. सरकारने सक्तीच्या शिक्षणाचं वय वाढवलं की एकाच पिढीतली, एकसारख्या घरांतली मुलं केवळ जन्मतारखेमुळे एक वर्ष जास्त शिकतात. अमेरिकेतल्या १९१५ ते १९३९ या काळातल्या अशा कायद्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जास्त शिकलेल्यांचा मृत्युदर लक्षणीय कमी आढळला. मात्र ब्रिटनमध्ये शाळा सोडण्याचं वय १९४७ मध्ये १४ चं १५ आणि १९७२ मध्ये १५ चं १६ झालं. त्यावरचा २०१३ चा अभ्यास सांगतो की मृत्युदरात जवळपास काहीच फरक पडला नाही.

तेव्हा 'शाळेचं वर्ष वाढवा, आयुष्य वाढेल' असं सरळ गणित नाही.

सायंतारा

आकडेमोड, या प्रतिसादाची वाटच पाहत होते. ब्रिटनचा निष्कर्ष माझ्या मुद्द्याच्या आड येतो असं मला वाटत नाही, उलट त्याला बळच देतो. सगळ्यांचं एक वर्ष वाढलं, पण कामाची उतरंड होती तशीच राहिली. पूर्वी पंधराव्या वर्षी शाळा सोडून ज्या यंत्रावर मुलगा उभा राहायचा, त्याच यंत्रावर तो सोळाव्या वर्षी उभा राहिला. शिक्षणाचा उपयोग ते कुठलं दार उघडतं यावर अवलंबून आहे. दार उघडलंच नाही तर तब्येत कशी सुधारणार?

खडूफळा

मी आयुष्यभर शिकवलं, त्यामुळे शिक्षणाची बाजू घेणारच. पण पुराव्यानिशी घेतो.

शाळेचं शेवटचं एक वर्ष वाढवणं आणि अगदी पहिल्या वर्षांत हात देणं यात फार अंतर आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १९७२ च्या सुमारास एक प्रयोग सुरू झाला. गरीब घरांतली तान्ही मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला पहिल्या वर्षापासून पाच वर्षांपर्यंत रोज उत्तम संगोपन, खेळ, बोलणं, पोषण आणि दवाखान्याची सोय. तीच मुलं पस्तिशीच्या आसपास पोचल्यावर तपासली. प्रयोगातल्या पुरुषांचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा बराच कमी निघाला. पोटाचा घेर, साखर, रक्तदाब सगळं एकदम बिघडण्याची जी अवस्था असते, ती दुसऱ्या गटात साधारण चौघांत एकाला होती, प्रयोगातल्या पुरुषांत एकालाही नव्हती. मुलं शंभरच्या वर थोडीच होती, हे मान्य. पण चिठ्ठ्या टाकून केलेले गट असल्यामुळे आकडेमोड यांची दुसरी आणि तिसरी शंका इथे फारशी लागू पडत नाही.

आणि आयांचं शिक्षण विसरू नका. १७५ देशांच्या आकडेवारीवरचा अभ्यास २०१० मध्ये आला. १९७० च्या तुलनेत २००९ साली पाच वर्षांखालच्या मुलांचे ८२ लाख मृत्यू टळले, त्यातले ४२ लाख स्त्रियांचं शिक्षण वाढल्यामुळे टळले असा त्यांचा हिशेब आहे. निम्म्याहून जरा जास्तच. आई शिकलेली असली की ती पोराला लवकर दवाखान्यात नेते, डॉक्टरला उलटा प्रश्न विचारते, आणि घरात तिचं ऐकलं जातं. हे तिसरं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. सायंतारा ज्याला कामावरचा ताबा म्हणतात, तीच गोष्ट घरात.

आकडेमोड

खडूफळा सर, चिठ्ठ्यांचा मुद्दा बिनतोड. एवढंच जोडतो की तिथे संगोपन, पोषण आणि दवाखाना एकत्र दिले होते. त्यातलं नेमकं काय लागू पडलं हे त्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही.

तिसरीपाळी

मी मालाच्या गोदामात काम करतो, बहुतेक वेळा रात्रपाळी. बारावीनंतर शिकलो नाही. धाग्यात जे अभ्यासांच्या भाषेत लिहिलंय ते आमच्याकडे कसं दिसतं ते सांगतो.

हातात एक यंत्र असतं. पुढची वस्तू कुठल्या फळीवर, हे ते सांगतं आणि किती सेकंदांत उचलली हे मोजतं. कोणत्या वाटेने जायचं हे माझं मी ठरवू शकत नाही, मला सगळ्या वाटा पाठ असल्या तरी. लघवीला गेलं की तेवढा वेळ 'कामाविना' म्हणून नोंदला जातो, म्हणून पोरं पाणीच कमी पितात. पुढच्या आठवड्याच्या पाळ्या कधी कधी आदल्या दिवशी संध्याकाळी कळतात. मुलीच्या शाळेत पालकांना बोलावलं तर 'येतो' असं सांगता येत नाही.

बीपी निघालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला. मी म्हटलं, रात्रभर चालतोच आहे. ते म्हणाले मग चांगलंच आहे. मला काही ते चांगलं वाटत नाही. सकाळी घरी येतो तेव्हा गुडघे बोलत असतात आणि झोप लागत नाही. यावर कोणी जाणकार सांगेल का?

नाडीपरीक्षा

तिसरीपाळी, मी डॉक्टर आहे, कामाशी निगडित आजारांवर काम करते. तुम्हाला जे वाटतं ते बरोबर आहे.

मोकळ्या वेळेत केलेला व्यायाम आणि कामावरची अंगमेहनत, शरीराच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यायामात थोडा वेळ जोर लागतो, मग विश्रांती मिळते, आणि थांबायचं कधी हे आपण ठरवतो. कामावर तासन्‌तास मध्यम जोर, ओझं, वाकणं, आणि सावरायला वेळ नाही. नाडीचा वेग आणि रक्तदाब दिवसभर चढेच राहतात. अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये जे विश्लेषण झालं, त्यात कामावर खूप अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचं प्रमाण कमी मेहनतीचं काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्के जास्त दिसलं. तेव्हा 'चालतोच आहे' म्हणून डॉक्टरने विषय संपवणं योग्य नाही. त्यात रात्रपाळीची भर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीचं काम २००७ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये फेरतपासणी करून तिथेच ठेवलं.

बर्नार्दिनो रामात्सिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने वैद्यांना सांगितलं की रुग्णाला विचारायच्या जुन्या प्रश्नांत आणखी एक प्रश्न घाला, तू काम काय करतोस? तीनशे वर्षांनंतरही केसपेपरवर 'व्यवसाय: नोकरी' एवढंच लिहून पुढे जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

ताबा नसल्याने शरीरात नक्की काय होतं, हेही थोडक्यात लिहिते. धोका दिसला की ॲड्रेनॅलिन, कोर्टिसोल ही तणावाची संप्रेरकं वाढतात, नाडी वाढते, साखर रक्तात येते. धोका टळला की सगळं खाली येतं. ही यंत्रणा उत्तम आहे, पण ती थोड्या वेळापुरती. कधी बोलणी बसतील, कधी पाळी बदलेल, नोकरी राहील का, असा धोका रोजच असला की ती खाली येतच नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला बारीक सूज राहते, चरबी पोटाभोवती साठते, झोप मोडते.

यात माणसांवर प्रयोग करता येत नाहीत, पण माकडांवर झाले आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ऱ्हिसस माकडिणींचे नवे कळप केले. जी आधी आली ती वरचढ, उशिरा आली ती खालची, असं होतं. मग कळप मोडून क्रम बदलले. खालच्या क्रमावर गेलेल्या मादीच्या रोगप्रतिकारक पेशींत सूज वाढवणारी जनुकं जास्त काम करू लागली, आणि वरचा क्रम मिळाल्यावर तो परिणाम बराचसा ओसरला. खाणं सगळ्यांना सारखंच होतं. बदलला तो फक्त क्रम.

सायंतारा

'ओसरला' हा शब्द मी दोनदा वाचला. म्हणजे झालेलं नुकसान कायमचंच असतं असं नाही.

नाडीपरीक्षा

हो, पण सगळंच ओसरत नाही. सर्दीच्या विषाणूंचे थेंब नाकात घालून निरोगी मोठ्या माणसांवर केलेल्या अभ्यासात, ज्यांच्या लहानपणी आईवडिलांचं स्वतःचं घर नव्हतं त्यांना सर्दी जास्त झाली. आज ते किती कमावतात, याने फारसा फरक पडला नाही. लहानपणचं बरंच काही शरीर धरून ठेवतं. म्हणून खडूफळा सर म्हणतात ते आणि तुम्ही म्हणता ते, दोन्ही हवं.

अबोली

परिचारिका आहे. माझं म्हणणं दवाखान्याच्या दारापाशीचं आहे.

घरी सोडताना रुग्णाला कागद देतो. गोळ्यांच्या वेळा, कुठली लक्षणं दिसली तर लगेच या, पुन्हा कधी दाखवायचं. शिकलेला माणूस कागद वाचतो आणि शंका विचारतो. कमी शिकलेला 'कळलं' म्हणतो आणि मान डोलावतो, कारण न कळल्याचं सांगायची लाज वाटते. मी आता 'कळलं का' असं विचारायचं सोडून दिलंय. 'घरी गेल्यावर पहिली गोळी कधी घेणार, मला सांगा' असं विचारते. मग खरं चित्र समोर येतं. शिकलेलेही यात चुकतात, हेही सांगते.

पुन्हा दाखवायला न येणाऱ्यांना निष्काळजी म्हणायची पद्धत आहे. पण तपासणीची वेळ सकाळी अकराची. महिना पगारवाला अर्धा दिवस रजा टाकतो. रोजंदारीवाल्याचा दिवस बुडतो, आणि दोनदा बुडवला तर कामही जातं. वेल्समधल्या कोळसाखाणीच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहून ठेवलं आहे, की चांगली वैद्यकीय सेवा मिळण्याची शक्यता तिची गरज जितकी जास्त तितकी कमी असते. मी हे रोज बघते.

वळणवाट

मी दुसऱ्या टोकाकडून लिहितोय. उच्चशिक्षित, बड्या पगाराची नोकरी, आणि दिवसाचे बारा-तेरा तास काम. इथे सगळे गृहीत धरताहेत की वरच्यांचं बरं चाललंय. आमच्यातले किती जण चाळिशीत स्टेंट घालून फिरताहेत बघा. शिक्षणाने मला कामावर ताबा दिला असं मला तरी वाटत नाही.

सायंतारा

वळणवाट, तुमचा त्रास खरा आहे आणि त्याला आधारही आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात पक्षाघात आणि हृदयविकाराने सुमारे ७,४५,००० माणसं गेली. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त.

पण दोन फरक राहतातच. तुम्हाला छातीत कळ आली तर तुम्ही त्याच दिवशी तपासून घ्याल आणि नोकरी जाणार नाही. आणि नोकरी सोडायचीच ठरवलीत तर दुसरी मिळेल. तिसरीपाळी यांना यातलं किती शक्य आहे? उतरंड म्हणजे वर सगळं आलबेल असा अर्थ होत नाही. एकच आजार दोन पायऱ्यांवर दोन वेगळे शेवट गाठतो, एवढंच मी म्हणते.

वळणवाट

हे पटतं. कळ आली होती, त्याच संध्याकाळी तपासून घेतलं.

आकडेमोड

अमेरिकेतला एक आकडा. २००१ ते २०१४ या काळात सर्वात श्रीमंत एक टक्का आणि सर्वात गरीब एक टक्का यांच्या अपेक्षित आयुर्मानात पुरुषांत १४.६ वर्षांचा आणि स्त्रियांत १०.१ वर्षांचा फरक होता. कारण काहीही असो, एवढा फरक कुठल्याही गोळीने भरून निघणार नाही.

कारणांबद्दल माझी शंका कायम आहे. पण एक निरीक्षण तुमच्या बाजूने नोंदवतो. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध १९५० मध्ये समोर आला. त्याआधी शिकलेले आणि न शिकलेले यांच्या ओढण्यात फारसा फरक नव्हता. माहिती मिळाल्यावर शिकलेले भराभर सुटले आणि दरी तयार झाली. म्हणजे नवी माहिती, नवा उपचार आला की त्याचा फायदा आधी वरच्यांना होतो. लिंक आणि फेलन या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हेच मांडलं होतं. आजार बदलतात, उतरंड तीच राहते.

खडूफळा

म्हणूनच माहिती पोचवण्याचं काम सगळ्यात खालच्या पायरीपासून सुरू व्हायला हवं. वरून झिरपत खाली येईल म्हणून थांबलं तर तोवर एक पिढी संपते.

तिसरीपाळी

नाडीपरीक्षा ताई, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद छापून डॉक्टरांना दाखवणार आहे.

एक चांगली गोष्ट. आमच्या पाळीतल्या पोरांनी मिळून व्यवस्थापनाकडे दोन मागण्या केल्या. पाळ्यांचं वेळापत्रक पंधरा दिवस आधी लावा, आणि आपापसात पाळी बदलून घ्यायची मुभा द्या. पगारवाढ मुद्दाम मागितली नाही. पहिली मान्य झाली, दुसरीवर बोलणी चालू आहेत. वेळापत्रक आधी कळायला लागल्यापासून झोप सुधारली आहे. बीपी अजून तेवढंच आहे.

नाडीपरीक्षा

बोलणी चालू आहेत तर एक विचारून घ्या. पाळ्या कोणत्या क्रमाने फिरतात? सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला उलट्या क्रमापेक्षा जास्त सोसतो, कारण झोप लवकर ओढून आणण्यापेक्षा पुढे ढकलणं सोपं जातं. आणि रात्रीची पाळी संपल्यावर लगेच दुपारची लावत नाहीत ना? दोन पाळ्यांत निदान अकरा तास मोकळे हवेत.

तिसरीपाळी

आमचा क्रम उलटा आहे. रात्र, दुपार, सकाळ. दुपारची पाळी रात्री अकराला सुटते आणि सकाळची सहाला लागते, त्या दिवशी चार तास झोप मिळाली तरी खूप. हे कोणी मुद्दाम केलंय असंही नाही, कधीतरी ठरलं आणि तसंच चालत आलंय. उलटवायला कंपनीला खर्चही नाही. सोमवारच्या बैठकीत मांडतो.